त्र्याऐंशीवा प्रश्न

लाखांदूरची आयटीआय, वायरमनच्या वर्गामागची खोली.
बावीस कॉम्प्युटर, चालू सतरा.
नागपूरच्या कंपनीने पेनड्राइव्हमध्ये
स्वभाव पाठवला होता, एकशे वीस वाक्यांचा.
प्रत्येक वाक्याखाली दोन चौकोन:
लागू. लागू नाही.
बचत गटांच्या वसुलीसाठी पोरी हव्या होत्या,
दुचाकी येणाऱ्या.

माझं काम साधं.
बसवायचं, नाव टाइप करून द्यायचं,
पहिल्यांदाच माउस धरणारीला सांगायचं
की उचलायचा नाही, सरकवायचा,
पाट्यावर वरवंटा सरकवतो तसा.
सांगायचं नाही ते एवढंच
की पडद्याच्या आत घड्याळ चालू आहे.
वाक्य दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत
सेकंदाचे हजार तुकडे करून ते लिहून ठेवतं.
सोबतच्या पत्रात होतं: पटकन दिलेलं उत्तर खरं,
उशीर म्हणजे काहीतरी झाकलेलं.
पत्र मी दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा सावकाश.

"मी सहसा चारचौघांत मोकळेपणाने वावरते."
तिसऱ्या रांगेतून हात वर आला.
"सर, सहसा मंजे किती?"
बहुतेक वेळा, मी म्हणालो.
"आन् वावरते मंजे? वावरात जाते?"
सगळ्या हसल्या.
घड्याळाने हसण्याचे अकरा सेकंद
सतराही जणींच्या नावावर मांडले.

सव्वाबाराला लाईन गेली.
पडदे विझले, पण खालचे डबे यूपीएसवर होते,
ते अंधारात मोजत राहिले.
त्या चार मिनिटांत पोरींनी पदराने वारा घेतला,
एकीने डब्यातली चकोली काढून वाटली.
अहवालात येईल: सतराही जणी
एकाच वेळी काहीतरी लपवत होत्या.

संध्याकाळी तक्ता उघडला.
भुमेश्वरी मारबते, बारावी, मुक्काम इटान.
मला राग लवकर येतो: लागू. एक पूर्णांक चार.
मला एकटीला भीती वाटते: लागू नाही. दोन.
देव, भूक, नवरा, परकं गाव,
सगळं दोन-तीन सेकंदांत उरकलेलं,
तळ्यावर भांडी घासावीत तसं.
आणि त्र्याऐंशी.
"मी माणसांवर सहज विश्वास ठेवते."
दोन मिनिटं सेहेचाळीस सेकंद.
लागू नाही.

लाईन तेव्हा आलेली होती.
बोर्डावर ढकलायची सोय नव्हती.
मला ती आठवली, पडद्याकडे न बघणारी,
अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता
आणि ओठ हलत होते.
मला वाटलं, जप करते.

आकडा बदलता आला असता.
साधा तक्ता, कुलूप नसलेला.
त्या चौकोनावर माझा बाण किती वेळ थांबला
हे कुणी मोजलं नाही.
मग तसाच पाठवला.

कार्तिकात, बाजारात,
उकडलेल्या शिंगाड्यांच्या काळ्या ढिगामागे ती.
यादी लागून महिना झाला होता. तिचं नाव नव्हतं.
अर्धा किलो, मी म्हणालो,
आणि मग, त्या दिवशी त्र्याऐंशीला काय अडलं?
"कोनता त्र्याऐंशी?"
मी वाक्य म्हणून दाखवलं. अजून पाठ होतं.
"हां, तो. मी मोजत होती जी.
एकेक मानूस.
दीराले धरू का नोको, तेच्यातच येळ गेला."
किती भरले?
"अडीच."

अर्धं कोण, ते मी विचारलं नाही.
तिने शिंगाडे पारड्यात टाकले,
एक काढला, दुसरा ठेवला,
काटा हलायचा थांबेस्तोवर
मान वर केली नाही.
मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, घाईतली.
मग म्हणाली,
सुटे असतील तर द्या.